पालथी टोपली आणि शहापूरचं घर

थांबा, आधी चहाचा एक घोट घेऊ द्या. कोरड्या घशानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. चुका सगळ्यांच्याच हातून होतात, माझ्या हातून तर नेमानं होतात. पण चांगल्या धडधाकट, दोन वेळ जेवणाऱ्या, वर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या माणसाला दोन दिवस मेलेला ठेवणं, त्याच्यासाठी कारखान्याच्या सेक्शनमध्ये दोन मिनिटं मौन पाळायला लावणं, आणि त्या मौनात सगळ्यांच्या पुढं आपणच मान खाली घालून उभं राहणं, हे तुमच्यापैकी कुणी केलंय का? नाही ना? मग ऐका.

आमचा सगळा जन्म जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेला. कारखान्यात लागलो तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती, आणि आता रिटायर व्हायला तीन महिने उरले होते. क्वार्टरचं तुम्हाला माहीतच आहे. नळ गळला तर अर्ज द्यायचा, भिंत फुगली तर अर्ज द्यायचा, आणि रिटायर झालं की किल्ली द्यायची.

माझी बायको शालू. तीस वर्षं ती क्वार्टरच्या अंगणात फक्त कुंड्या ठेवत आली. जमिनीत काहीच लावलं नाही. मी एकदा म्हटलं, आंब्याची कोय तरी टाक. तर म्हणाली, ज्या मातीवर आपलं नाव नाही तिथं झाड लावून त्याच्यात जीव कशाला अडकवायचा. तिला दागिने नको होते, काश्मीर नको होतं. तिला स्वतःचं घर हवं होतं आणि घरामागं थोडी माती.

आणि ते मिळत नव्हतं ते माझ्यामुळं. खोटं कशाला बोलू? तीन घरं मी घालवली. पहिलं रस्त्यापेक्षा खाली होतं म्हणून नाकारलं. दुसऱ्या घराच्या शेजाऱ्याचा कुत्रा माझ्याकडं फार रोखून पाहत होता. आणि तिसऱ्या घराबद्दल मी इतके दिवस विचार केला, इतके दिवस केला, की दुसऱ्यानंच ते घेतलं, वास्तुपूजा केली आणि आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही जाऊन जेवूनही आलो. घरी आल्यावर शालू एवढंच म्हणाली की आता पुढचं घर हातचं गेलं तर मी भाड्याच्या दोन खोल्यांत गुमान येईन, पण घराचं नाव पुन्हा काढणार नाही. तिचा आवाज चढलेला असता तर मला एवढं लागलं नसतं.

अशात देवाजीभाऊंचा निरोप आला.

देवाजीभाऊ म्हणजे कारखान्यातले माझे उस्ताद. मी नवा पोरगा होतो तेव्हा त्यांनीच मला मशीनवर उभं केलं. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो आणि अकरा वर्षांत त्यांनी माझ्या एकाही कामाला चांगलं म्हटलं नाही. 'तसं नाही मनोहर, असं' हे त्यांचं एकच वाक्य. मागंच रिटायर होऊन ते जवळच, हायवेवरच्या शहापूरला स्वतःच्या घरात राहत होते. आता त्यांना आणि सुमित्रावहिनींना पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला, भावाजवळ, शेतीवर जायचं होतं. घर विकायचं होतं.

आम्ही पाहून आलो. तीन खोल्या, पुढं ओटा, मागं विहीर आणि विहिरीच्या पलीकडं अर्धी शाळा खेळेल एवढी मोकळी माती. शालू मागच्या दारात उभी राहिली ती हलेचना. मग खाली वाकून तिनं थोडी माती हातात घेतली, चुरली, आणि कुणाला दिसू नये म्हणून पदराला हात पुसला. मला दिसलं. मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. रविवारी इसार द्यायचा ठरला.

आता मला सांगा, माणसानं रविवारपर्यंत घरी बसावं की नाही? पण नाही. आमचं लोखंडी कपाट पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात बसतं की नाही, हे मोजायला मी गुरुवारी ड्यूटी सुटल्यावर टेप घेऊन एकटाच शहापूरला गेलो. तिथून घोळ सुरू झाला.

थंडीचे दिवस. फाटकातून आत शिरलो तर अंगणात खाट भिंतीला उभी लावलेली. दोरीवर गादीची खोळ, चादरी, घोंगडी, सगळं अंथरूण धुऊन वाळत घातलेलं. मनात पाल चुकचुकली. आजाऱ्याचं अंथरूण असं एकदम कधी धुतात ते आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या खोलीत डोकावलो. खिडक्या बंद, अंधार. स्टुलावर देवाजीभाऊंचा फोटो, गळ्यात हार. आणि ज्या कोपऱ्यात माझं कपाट बसायचं होतं, त्या कोपऱ्यात जमिनीवर बांबूची टोपली पालथी घातलेली. टोपलीच्या फटींतून पिवळा उजेड येत होता आणि भोवती पांढरं काहीतरी पसरलं होतं.

आमच्याकडं माणूस गेला की जिथं त्याचा जीव गेला तिथं पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून पिठात कुणाची पावलं उमटली ते पाहतात. चिमणीची उमटली तर चिमणीच्या जन्माला गेला म्हणायचं, गाईची उमटली तर गाईच्या. आमच्या गावात हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळं ती टोपली पाहिल्यावर मला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. देवाजीभाऊ गेले.

टोपलीजवळ सुमित्रावहिनी बसल्या होत्या. डोक्यावर पदर, डोळे लाल. मला पाहून त्या हळूच म्हणाल्या, "या भाऊजी, बसा." आणि ओठांवर बोट ठेवून मला चटईकडं खुणावलं.

मी बसलो. अशा घरी गेल्यावर बोलायचं नसतं. 'कसे गेले, केव्हा गेले' हे घरच्या बाईला विचारायचं नसतं, ती आपणहून सांगेल तेव्हा ऐकायचं. म्हणून मी गप्प बसलो. वहिनीही गप्प. मी टोपलीकडं पाहायचो, मग फोटोकडं पाहायचो, मग सुस्कारा टाकायचो. वहिनी माझ्याकडं पाहायच्या. दहाएक मिनिटं असंच चाललं. मग त्यांनी चहा ठेवू का म्हणून विचारलं. दुःखाच्या घरी कुणी चहा पितं का? मी हात हलवून नको म्हटलं. माझ्या हातातला टेप मला फार लाजिरवाणा वाटायला लागला, मी तो खिशात कोंबला.

मग वहिनींनी विचारलं, "शालू बरी हाय ना भाऊजी?"

बघा, स्वतःवर एवढा डोंगर कोसळलेला आणि ही बाई माझ्या बायकोची विचारपूस करते! मला एकदम भरून आलं. मी फक्त वर, आढ्याकडं पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि डोळे पुसत उठलो. आणि रीत म्हणून 'येतो' न म्हणता, मागं वळून न पाहता, सरळ फाटकाबाहेर पडलो. सुतकाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. या सगळ्या रीती मी अगदी बिनचूक पाळल्या. आयुष्यात एवढं बिनचूक काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

घरी पोचलो, दाराबाहेर उभं राहून शालूला पायावर घ्यायला पाणी मागितलं. ती बादली घेऊन आली आणि तिथंच थबकली. कोण गेलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, कधी गेले? मी म्हटलं, विचारलं नाही. कशानं गेले? विचारलं नाही. माती कुठं केली, शहापूरला की कोंढ्याला? तेही विचारलं नाही.

"मंग तुमी तेथी जाऊन केलं तरी काय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, बसलो.

आता तुम्ही म्हणाल, फोन करून विचारायचं. अहो, वहिनींकडं वेगळा फोन नव्हता. मेलेल्या माणसाच्या नंबरावर फोन कसा लावायचा? आणि उचलला तर?

त्या संध्याकाळी आमच्या घरात खरी गोष्ट सुरू झाली. घराचं काय करायचं? तुम्हाला सांगतो, कारखान्याच्या कँटीनमध्ये अंधश्रद्धेवर माझ्याइतकं कुणी बोललं नसेल. भूत नसतं, भानामती नसते, लिंबू-मिरची खाण्यासाठी असते, हे सगळं मी टेबल ठोकून सांगत आलो. आणि आता मी शालूला समजावत होतो की हे बघ, माझं काही नाही, पण तुला त्या खोलीत एकटीला बसवेल का?

शालू म्हणाली, बसवेल.

मग मी दुसरं काढलं. पै-पाहुणे काय म्हणतील? ती म्हणाली, चहा पिऊन जातील.

शेवटी खरं बाहेर आलं. मी भुताला भीत नव्हतो हो. मी देवाजीभाऊंना भीत होतो. त्या घरात मी भिंतीला खिळा ठोकायला जाईन आणि मागून आवाज येईल, तसं नाही मनोहर, असं. मी कपाट सरकवीन, तरी आवाज येईल. अकरा वर्षं ऐकलं ते आता रिटायर झाल्यावर पुन्हा, मरेपर्यंत? हे मी शालूला बोलून दाखवलं तेव्हा ती हसली नाही. माझ्याकडं पाहत राहिली. भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला होता.

"मानसं घरी नाही मरतीन त कोठी मरतीन?" ती म्हणाली. "जेथी कोनी जलमलं नाही का मेलं नाही, ते घर नोहे, गोडाऊन होय. मले गोडाऊन नोको."

एवढं बोलून ती उठली. शनिवारी दोघांनी वहिनींकडं नुसतं भेटायला जायचं, घराचा विषय काढायचा नाही, असं तिनं ठरवलं. पण जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाली की तुम्हाला नकोच असेल तर तसं सांगा, मी काही म्हणणार नाही. मला माहीत होतं, खरंच म्हणणार नव्हती. तेच मला खायला उठलं. तरीही माझ्या तोंडून 'घेऊ' निघालं नाही. मी म्हटलं, पाहू. तीस वर्षं हाच शब्द मी तिला देत आलो.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत मी फक्त एका माणसाला सांगितलं. शेजारच्या मशीनवरच्या उकेला. कुणाला सांगू नको असंही बजावलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळा सेक्शन हातात डबे घेऊन उभा होता. देवाजीभाऊंच्या हाताखाली शिकलेले बरेच जण होते. ज्यांनी जन्मभर त्यांच्या नावानं बोटं मोडली ते आता सांगत होते की असा कारागीर होणे नाही. दोन मिनिटं मौन पाळलं. मी पुढं. मग कुणीतरी म्हणालं, मनोहर, तू त्यांचा पट्टशिष्य, दोन शब्द बोल. मी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, पण उके रडला होता.

शनिवारी सकाळी आम्ही शहापूरला निघायच्या तयारीत. मी पांढरा सदरा-पायजमा घालून पायरीवर बसून चपला शोधत होतो. शालू आत डबा बांधत होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तिनं पहाटे उठून वरण-भात आणि पिठलं केलं होतं. एवढ्यात फाटकापाशी ऑटो थांबला.

ऑटोतून देवाजीभाऊ उतरले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी.

मी पायरीवर बसलो होतो ते बरं झालं. उभा असतो तर पडलो असतो. देवाजीभाऊ तरातरा चालत आले, जवळ बसले आणि मला मिठी मारली. मेलेल्या माणसाची मिठी एवढी घट्ट असते हे मला ठाऊक नव्हतं.

"रड गा मनोहर, रड," भाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "मनात नोको ठेवू. बाईमानूस गेलं म्हंजे घरच जाते."

त्यांच्या तोंडाला खर्र्याचा वास येत होता. माझ्या डोक्यात तेवढं एकच शिरलं, की भूत खर्रा खात नसावं. मी कसाबसा म्हटलं, "भाऊ, तुमी... आले कसे?"

"ऑटोनं," भाऊ म्हणाले.

तोपर्यंत सुमित्रावहिनी पदर तोंडाला लावून, हुंदके देत, माझ्या बाजूनं आत गेल्या होत्या. शालूच्या नावानं त्यांनी मोठ्यानं गळा काढला. आणि स्वयंपाकघरातून हातात बांधलेला डबा घेऊन शालू बाहेर आली. वहिनींच्या हातातही डबा होता. त्यांनीही आमच्या सुतकाच्या घरासाठी वरण-भात करून आणला होता. दोघी बाया, दोन डबे, आणि दाराच्या चौकटीतून दिसणारा देवाजीभाऊंचा जिवंत चेहरा. शालूनं एकदा बाहेर पाहिलं, एकदा वहिनींकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं असं पाहिलं की मला त्या क्षणी मेलेल्या देवाजीभाऊंच्या जागी जायची फार इच्छा झाली.

उलगडा व्हायला अर्धा तास लागला. टोपलीखाली पिठातला दिवा नव्हता, बल्ब होता. चार दिवसांपूर्वी कोंबडीनं पिल्लं काढली होती, थंडीनं मरू नयेत म्हणून वहिनींनी टोपलीखाली बल्ब सोडला होता. भोवती पसरली होती ती पिल्लांना खायला टाकलेली तांदळाची कनकी, बारीक कणी. पिल्लं नुकतीच निजली होती म्हणून ओठांवर बोट. नाहीतर ती चिवचिवत होतीच म्हणे थोडीथोडी, पण मशीनपाशी जन्म गेलेल्या माझ्या कानांना बारीक आवाज कुठला ऐकू यायला? अंथरूण धुतलं होतं कारण घर आमच्या हवाली करायचं होतं. डोळे लाल होते ते चुलीच्या धुरानं. आणि फोटो भाऊंच्या निरोप समारंभाचा. हार फोटोला नव्हता, फोटोतल्या भाऊंच्या गळ्यात होता. तो हार मीच घातला होता, आणि फोटोत कोपऱ्यात माझा हातही आहे.

आणि वहिनींच्या बाजूनं पाहा. घर घेणारा माणूस अचानक येतो, तोंड पाडून बसतो, सुस्कारे टाकतो, चहा नाकारतो. बायको बरी आहे ना म्हटलं तर वर आढ्याकडं पाहून हात जोडतो आणि 'येतो' न म्हणता निघून जातो. त्या बिचारीनं दुसरं काय समजायचं? भाऊ तेव्हा कोंढ्याला गेले होते. संध्याकाळी ते परतल्यावर वहिनींनी रडत रडत सांगितलं. बायको गेलेल्या माणसाशी फोनवर काय बोलायचं, म्हणून भाऊंनीही फोन केला नाही.

हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं. मग चौघांनी मिळून एकमेकांचे सुतकाचे डबे खाल्ले. वहिनींचं वरण चांगलं होतं, पण शालू गेली म्हणून केलेलं ते वरण माझ्या घशाखाली लवकर उतरेना. मी सारखा तिच्याकडं पाहत होतो, ती जेवते आहे ना म्हणून.

जेवता जेवता शालूनं सहज सांगून टाकलं की हे तर तुमचं घर सोडायला निघाले होते, तुम्ही त्यात वारलात म्हणून.

वहिनींचा घास हातातच राहिला. देवाजीभाऊंचं हसू मावळलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग भाऊंनी हात धुतला आणि खाली पाहत म्हणाले, "मनोहर, एक गोष्ट सांगाची राहिली. माही माय त्याच घरी गेली. त्याच खोलीत. त्याच कोपऱ्यात."

दोन गिऱ्हाइकं ते ऐकून परत गेली होती, म्हणून आम्हाला सांगायची त्यांची हिंमत झाली नव्हती. रविवारी इसारापूर्वी सांगणारच होतो, असं भाऊ म्हणाले. आणि वहिनी हळूच म्हणाल्या, ह्याईनं सांगितलं नसतं तर मी सांगितलं असतं. ज्या माणसानं अकरा वर्षं मला ताठ मानेनं शिकवलं तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मला ते पाहवलं नाही.

शालूनं विचारलं, कशा गेल्या त्या?

वहिनी सांगू लागल्या. म्हातारी तीन महिने अंथरुणावर होती. त्या दिवशी सकाळी म्हणाली, माझी खाट कोपऱ्यात घ्या, तिथून मागचं दार दिसते. खाट हलवली. मागच्या दारातून विहीर दिसत होती, कोथिंबिरीचा वाफा दिसत होता. तिनं वहिनींना वाफ्याला पाणी घालायला सांगितलं. वहिनींनी घातलं. परत आल्या तर म्हातारी तिकडंच पाहत होती, आणि पाहता पाहताच गेली होती.

शालूनं पदरानं डोळे पुसले आणि वहिनींच्या ताटात भात वाढला.

"ताई, तो वाफा अजून हाय?" तिनं विचारलं.

वहिनी म्हणाल्या, माती आहे, वाफा मोडला. शालूनं माझ्याकडं पाहिलं. ती काही म्हणाली नाही, म्हणणार नव्हतीच. मी आतापर्यंत घरं नाकारायला शंभर कारणं शोधली होती, पण त्या वेळी माझ्याजवळ एकही शिल्लक नव्हतं. भीती होती, ती होतीच. पण ज्या कोपऱ्यातून एक म्हातारी समाधानानं कोथिंबीर पाहत गेली त्या कोपऱ्यात कपाट ठेवायला भ्यायचं म्हणजे फारच झालं. मी म्हटलं, भाऊ, उद्या कशाला, इसार आजच घ्या. आणि कपाट तिथं ठेवणार नाही, दार झाकेल.

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, तसं नाही मनोहर. पण ते म्हणाले, "बरं केलं." अकरा वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते त्या दिवशी ऐकलं.

सोमवारी मला सेक्शनमध्ये सांगावं लागलं की देवाजीभाऊ बरे आहेत. उके आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं रडणं वाया गेलं म्हणे.

महिन्या-दीड महिन्यात सगळं झालं. भाऊ-वहिनी कोंबड्या-पिल्लांसह कोंढ्याला गेले आणि आम्ही शहापूरला राहायला आलो. शालूनं पहिल्याच दिवशी विहिरीपलीकडं आंब्याचं रोप लावलं, कुंडीत नाही, जमिनीत. वाफाही केला. मी कोपऱ्यात खुर्ची टाकली. सकाळचं ऊन मागच्या दारातून थेट तिथं येतं. पहिले दोन दिवस मी खुर्चीच्या टोकावर बसत होतो, आता टेकून बसतो.

पण गल्लीतले लोक माझ्याशी नीट बोलेनात. मी दुकानात गेलो की बोलणं थांबायचं. शेजारच्या गोदाबाई शालूशी तासन् तास बोलायच्या, मी फाटकाशी दिसलो की पदर ओढून आत. आठ दिवस मी हे पाहिलं आणि मग शालूला म्हटलं, बघ, मी म्हणत होतो ना? ज्या घरात माणूस मेलं त्या घराला लोक बिचकतात. म्हातारी जाऊन एवढी वर्षं झाली तरी बिचकतात.

शालू वाफ्याला पाणी घालत होती. तिनं बादली खाली ठेवली.

"घराले नाही बिचकत," ती म्हणाली. "तुमाले बिचकते. सुमित्राताईनं त्या गुरुवारी रडत रडत साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं होतं का मनोहर भाऊजीची बायको मेली म्हनून. मंग खरं सांगाचं राहूनच गेलं आन थे गेले कोंढ्याले. आता लोक म्हनतेत, पयलीचं वर्सही नाही झालं आन ह्यानं दुसरी आनली."

मी कपाळाला हात लावला. एवढे दिवस तुला हे ठाऊक होतं? मग तू गोदाबाईंना सांगितलं नाहीस, की ती पहिली मीच आहे म्हणून?

"सांगनारच होती," शालू म्हणाली. "पन गोदाबाईनं इचारलं, पयली बिचारी कशानं गेली वो?"

मग तू काय सांगितलंस?

तिनं पुन्हा बादली उचलली आणि आंब्याच्या रोपाला हळूहळू पाणी सोडलं.

"म्हटलं, घराची वाट पाहून पाहून गेली."